उन्हाळ्यात कुत्र्याचं अंग गार कसं ठेवायचं: रोजच्या फेरीपासून उष्माघातावरच्या प्रथमोपचारापर्यंत

कुत्र्याला घाम फुटतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, आणि तेवढ्याने अंग गार होत नाही. अंगात साठलेली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मोठे मार्ग दोनच आहेत. पहिला म्हणजे धापा टाकणं. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतलं ओलं अस्तर यांवरून तो हवा भराभर खेळवतो, तिथल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. निवांत पडलेला कुत्रा मिनिटाला साधारण १५ ते ३० वेळा श्वास घेतो. चांगला तापला की हा आकडा ३००च्या आसपास जातो. दुसरा मार्ग म्हणजे गार जमिनीला पोट लावणं. पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला केस विरळ असतात, तिथून उष्णता थेट फरशीत उतरते. आमची कुत्री दुपारी न्हाणीघराच्या दारात मागचे दोन्ही पाय बेडकासारखे ताणून, पोट फरशीला चिकटवून पडते आणि ती जागा तापली की हातभर पलीकडे सरकते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

एवढं लक्षात आलं की उन्हाळ्यात काय करायचं आणि काय टाळायचं ते समजायला सोपं जातं. हवा दमट असली की धापा टाकूनही वाफ नीट होत नाही, म्हणजे पहिला मार्ग अर्धा बंद. फरशी तापलेली असली की दुसराही बंद. त्यात आपण त्याला पळवलं तर अंगात नवी उष्णता तयार होते आणि तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून नुसता तापमानाचा आकडा बघून काही ठरवू नका. ढगाळ, कोंदट, वारा पडलेला दिवस आकड्याने सौम्य दिसतो, पण कुत्र्याला तो कडक कोरड्या उन्हापेक्षा जड जाऊ शकतो.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: दमलो, आता पुरे, हे पुष्कळ कुत्र्यांना उमगतच नाही. आपण चालतोय तोवर ते चालतात, चेंडू फेकला जातोय तोवर धावतात. कुठे थांबायचं ते आपणच ठरवायचं असतं.

आपल्या कुत्र्याला धोका किती?

सर्वात जास्त जपायचं ते चपट्या नाकाच्या जातींना: पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू, पेकिनीज. यांच्या नाकपुड्या अरुंद असतात, टाळूचा मऊ भाग घशात लोंबतो आणि नाकातली ओल्या अस्तराची जागाच कमी असते. म्हणजे गार होण्याचं मुख्य साधनच तोकडं. वर धापा टाकायला त्यांना इतके कष्ट पडतात की त्या कष्टांनीच अंग आणखी तापतं, घशाला सूज येते आणि श्वास अजून अडतो. झोपेत जोरात घोरणारा, थोडं चाललं की घरघर करणारा पग दिसला की लोक कौतुकाने हसतात. त्याला खरं तर श्वास पुरत नसतो. ऊन वाढायच्या आधी त्याला डॉक्टरांना दाखवा. काही कुत्र्यांना नाकपुड्या रुंद करण्याची शस्त्रक्रिया लागते आणि तिने पुष्कळ फरक पडतो.

म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये, विशेषतः लॅब्रॅडोरमध्ये, स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडण्याचा आजार आढळतो. भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, श्वास आत घेताना खरखर ऐकू येते. हिवाळ्यात हा कुत्रा ठीकठाक वाटतो आणि पहिल्याच उकाड्यात कोसळतो. हृदयाचा आजार असलेले कुत्रे, लहान पिल्लं, भारी अंगाचे मोठे कुत्रे आणि हस्की, चाऊ चाऊ, सेंट बर्नार्ड यांसारख्या दाट केसांच्या जाती यांनाही जपायला हवं.

राहता राहिला लठ्ठपणा, आणि यावर उपाय पूर्णपणे आपल्या हातात आहे. चरबीच्या थरामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि तेच अंतर चालायला जास्त कष्ट लागतात. कुत्र्याच्या छातीच्या दोन्ही बाजूंनी तळहात फिरवा. फार न दाबता बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर वजन उतरवायचं काम उन्हाळ्याच्या दोन-तीन महिने आधीच सुरू करा.

शरीराला उकाड्याची सवय व्हायला काही आठवडे जातात. त्यामुळे हंगामातले पहिले गरम दिवस, किंवा थंड ठिकाणाहून गरम ठिकाणी गेल्यावरचे सुरुवातीचे दिवस, जास्त धोक्याचे असतात. अशा दिवसांत फेरी मुद्दाम छोटी करा आणि हळूहळू वाढवा.

फिरायला नेताना

उन्हात उभ्या गाडीत कोंडलेला कुत्रा हे सगळ्यांना ठाऊक असलेलं संकट. पण ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ९ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात वेगळंच चित्र दिसलं. उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुत्रे चालून, धावून किंवा खेळून आजारी पडले होते. गाडीत अडकल्यामुळे आजारी पडलेले शंभरात पाचच्या आसपास. म्हणजे धोका आहे तो आपण प्रेमाने रोज घडवून आणतो त्या फेरीत आणि खेळात. उन्हाळ्यात एकच सवय बदलायची असेल तर ती हीच बदला.

फेरीची उत्तम वेळ म्हणजे पहाट. पुष्कळ जण संध्याकाळ निवडतात, पण दिवसभर तापलेले रस्ते आणि भिंती सूर्य मावळल्यावरही बराच वेळ उष्णता सोडत राहतात आणि कुत्र्याचं पोट त्या रस्त्यापासून जेमतेम वीतभर उंच असतं. आपल्या छातीला लागणारी हवा आणि त्याच्या पोटाला लागणारी हवा यात चांगलाच फरक असतो. संध्याकाळी न्यायचंच असेल तर अंधार पडून जमीन निवल्यावर न्या.

निघण्यापूर्वी जमीन तपासा. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा आणि मनातल्या मनात सातपर्यंत मोजा. त्याआधी हात उचलावासा वाटला तर कुत्र्याचे तळवेही तिथे भाजणार. हवा २५ अंश सेल्सिअस असताना भर उन्हातला डांबरी रस्ता ५० अंशांच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे 'आज तेवढं ऊन नाही' या अंदाजावर विसंबू नका. काँक्रीट, फरसबंदी, वाळू आणि लोखंडी जाळ्याही चटके देतात. माती आणि हिरवळ त्या मानाने बरी. तळवे भाजल्याची खूण म्हणजे लंगडणं, पंजे चाटत बसणं, तळव्याचा रंग गडद होणं किंवा त्यावर फोड येणं. असं दिसलं तर पंजे गार पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा. कुत्र्यांसाठी बूट मिळतात, पण ते घालून दुपारी बाहेर काढायची मुभा मिळाली असं समजू नका. तळवे वाचतील, पण बाकीचं अंग तापायचं थांबत नाही.

चालताना नजर त्याच्या जिभेवर असू द्या. साध्या धापेत जीभ थोडीच बाहेर असते आणि मधूनमधून तो तोंड मिटून घेतो, वास घेतो, गिळतो. तापत चालला की जीभ लांब लोंबायला लागते, टोकाशी रुंद आणि चपटी होते, कडा वर वळतात, तिचा रंग गडद होतो आणि तोंड मिटणं बंद होतं. डोळे विस्फारल्यासारखे दिसतात. हे दिसलं की फेरी तिथेच संपवा. सावलीत थांबा, पाणी पाजा, पोटावर आणि मांड्यांच्या आत पाणी ओता आणि श्वास शांत झाल्यावर सावलीसावलीने घरी या. कुत्रा स्वतःहून सावलीत बसला आणि उठायला तयार नसला तर पट्टा ओढू नका. तो आळस करत नाही.

चेंडूचा खेळ उकाड्यात पूर्ण बंद ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. चेंडूमागे धावणारा कुत्रा स्वतःच्या शरीराचं काही ऐकत नाही. सायकल किंवा स्कूटरबरोबर पळवणं तर नकोच. त्याऐवजी घरात डोकं चालवायला लावणारे खेळ द्या. जुन्या टॉवेलमध्ये खाऊचे तुकडे गुंडाळून ठेवा, खोलीत चार ठिकाणी खाऊ लपवून 'शोध' म्हणा, बसणं-थांबणं यांची उजळणी घ्या. दहा-पंधरा मिनिटं नाकाने शोधाशोध केलेला कुत्रा लांब फेरी मारून आल्यासारखा समाधानाने झोपतो. उन्हाळ्यात फेरी चुकली म्हणून मनाला लावून घेऊ नका. एक दिवस न चालल्याने त्याचं काहीही बिघडत नाही.

गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस बरा, म्हणजे घशावर ताण येत नाही. मुसकी बांधावी लागत असेल तर तोंड पूर्ण उघडता येईल अशी जाळीचीच वापरा. तोंड आवळून धरणारी कापडी मुसकी उन्हाळ्यात जिवावर बेतू शकते, कारण तिने धापा टाकणंच बंद होतं.

घरात आणि अंगणात

कुत्र्याची झोपायची जागा दुपारी स्वतः तपासा. सकाळी सावलीत असलेला कोपरा दुपारी दोन वाजता उन्हात आलेला असतो, आणि साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तिथून हलता येत नाही. पत्र्याच्या छपराखाली, बंद बाल्कनीत किंवा गच्चीवर उन्हाळ्यात कुत्रा ठेवूच नये. लाकडी किंवा प्लॅस्टिकचं कुत्र्याचं घरही भर दुपारी कोंडतं. आत सावली असते, पण हवा खेळत नाही. झाडाची सावली सर्वात चांगली, कारण पानांतून पाण्याची वाफ होत असल्याने तिथली हवाही थोडी गार असते. झाड नसेल तर चारही बाजू मोकळ्या ठेवून उंचावर कापड किंवा शेडनेट ताणा.

घरात असेल तर त्याला उघडी फरशी मिळू द्या. गालिचे, जाड गाद्या काढून ठेवा. उन्हाच्या बाजूचे पडदे सकाळपासूनच ओढा. एसी असेल तर फार गार करायची गरज नाही; २४ ते २६ अंश पुष्कळ झालं, शिवाय एसीमुळे हवेतला दमटपणाही कमी होतो. कूलर कोरड्या हवेत छान काम करतो. हवा दमट असली की तो खोलीत ओल वाढवतो, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात.

पंख्याबद्दल मोठा गैरसमज आहे. आपल्याला पंख्याखाली बरं वाटतं ते घाम वाळतो म्हणून. कुत्र्याच्या अंगावर घाम नसल्यामुळे कोरड्या कुत्र्याला नुसत्या पंख्याचा फायदा फार थोडा होतो. तेच त्याचं पोट, काखा, पंजे आणि कान ओल्या हाताने पुसून काढा आणि मग पंख्यासमोर बसवा, पाच मिनिटांत धाप कमी झालेली दिसेल. वीज गेली असेल तरी हीच युक्ती, फक्त पंख्याच्या जागी पुठ्ठ्याने वारा घाला.

गार राहणाऱ्या जेलच्या चटया कामाच्या आहेत, पण वस्तू कुरतडणाऱ्या कुत्र्याला त्यावर एकट्याला सोडू नका. उथळ टबात घोट्यापर्यंत येईल एवढं पाणी भरून ठेवलं तर बरेच कुत्रे स्वतःहून जाऊन उभे राहतात. ओलं करून घालायचे कोटही मिळतात. कोरड्या हवेत, वारा असताना ते चांगले. दमट हवेत ते अंगाला चिकटून उलट गरम होतात, आणि वाळल्यावरही अंगावर तसेच राहिले तर जाड कपडा घातल्यासारखंच होतं.

पाणी आणि खाणं

कुत्र्याला एरवी दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला एक ते सव्वा लिटर. उन्हाळ्यात हे प्रमाण सहज वाढतं, आणि कोरडे दाणे खाणाऱ्या कुत्र्याला आणखी जास्त लागतं. घरात निदान दोन-तीन ठिकाणी भांडी ठेवा, सगळी सावलीत. म्हातारा कुत्रा तहान लागली तरी लांबच्या भांड्यापर्यंत उठून जायचा कंटाळा करतो, म्हणून एक भांडं त्याच्या झोपायच्या जागेजवळच हवं. पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदला आणि भांडं रोज घासा. बोटाला बुळबुळीत थर लागला तर पुष्कळ कुत्रे त्यातलं पाणी पीत नाहीत. अंगणात मातीचं किंवा जड स्टीलचं भांडं चांगलं, कारण हलकं भांडं उपडं होतं आणि कुत्रा दुपारभर तहानलेला राहतो.

बर्फाचं पाणी प्यायल्याने पोट फुगून कुत्रा मरतो असं ऐकायला मिळतं. त्यात तथ्य नाही. पोट फुगण्याचा आणि पिळा पडण्याचा जीवघेणा आजार आहे खरा, पण त्याचा संबंध मोठ्या छातीच्या जाती, भराभर आणि एकाच वेळी खूप खाणं यांच्याशी आहे. पाण्यात बर्फाचे दोन-चार खडे टाकायला हरकत नाही. मात्र धापा टाकत आलेल्या कुत्र्याला थोडं थोडं पाणी द्या. ढसाढसा प्यायला तर बरोबर हवाही गिळतो आणि सगळं उलटून पडतं.

घाम येत नसल्याने निरोगी कुत्र्याच्या अंगातून आपल्यासारखं मीठ जात नाही. म्हणून त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजू नका, साधं पाणीच पुरे. उलट्या किंवा जुलाब असतील तर काय द्यायचं ते डॉक्टर सांगतील. पाणी कमी पिणाऱ्याच्या जेवणात कोमट पाणी कालवा, किंवा बिनमिठाचा, कांदा-लसूण न घातलेला पातळ रस्सा गोठवून त्याचे तुकडे चाटायला द्या. बिनसाखरेच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोड पदार्थांत झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विषासारखं बाधतं. द्राक्षं आणि मनुकाही नकोत.

उन्हाळ्यात भूक मंदावते. जेवण पहाटे आणि रात्री द्या, फेरीच्या लगेच आधी किंवा नंतर देऊ नका. पाणी पुरेसं जातंय का हे बघायला वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट फिरवा. हिरडी ओली, निसरडी हवी. चिकट लागली तर पाणी कमी पडतंय. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. निरोगी असतानाच ही हिरडी दोन-चारदा बघून ठेवा, म्हणजे बिघडलेली लगेच ओळखता येईल.

केस कापावेत का?

दाट, दुपदरी केसांच्या कुत्र्याचं तासून मुंडण करू नका. हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, पोमेरेनियन यांना वर लांब राठ केस आणि आत मऊ लोकर असे दोन पदर असतात. वरचा पदर ऊन अडवतो. तो गेला की कातडी उघडी पडते, भाजते, आणि काही कुत्र्यांचे केस पुन्हा नीट येतच नाहीत, ठिगळं पडतात. काढायची असते ती आतली सुटलेली लोकर. आठवड्यातून तीन-चार वेळा मुळापासून विंचरा. मांडीच्या मागे, कानामागे आणि शेपटीखाली गुंता जास्त होतो, तिथे हवा खेळत नाही आणि कातडी ओली राहून लाल, चिघळलेले चट्टे उठतात. पोटावरचे आणि पंजांमधले केस छाटायला हरकत नाही. ज्यांचे केस सतत वाढत राहतात त्या पूडल, शिह त्झू यांचे केस आखूड करा, पण निदान बोटाच्या पेराएवढे तरी ठेवा.

पांढऱ्या किंवा विरळ केसांच्या कुत्र्याचं नाक, कानाची टोकं आणि पोट उन्हाने भाजतं. माणसांचं सनस्क्रीन लावू नका; त्यातलं झिंक ऑक्साइड चाटून पोटात गेलं तर विषबाधा होते. कुत्र्यांसाठी बनवलेलंच मलम डॉक्टरांना विचारून घ्या.

अंघोळ रोज घालायची गरज नाही, साबण तर मुळीच नको. पाय आणि पोट ओलं करणं पुरेसं असतं. नळीने पाणी मारण्याआधी उन्हात तापलेलं सुरुवातीचं पाणी वाहून जाऊ द्या, ते चक्क पोळतं. दाट केसांचा कुत्रा पूर्ण भिजवला तर मुळापर्यंत वाळवा, पण गरम हवेच्या ड्रायरने नव्हे. उकाडा आणि ओल एकत्र आली की गोचिडांचंही फावतं, तेव्हा कानांत, काखांत आणि बोटांच्या बेचक्यांत रोज हात फिरवा आणि गोचिडांवरच्या औषधाची तारीख चुकवू नका.

गाडीत एकटं सोडणं नको

काच थोडी खाली केली, सावलीत लावली, पाचच मिनिटांत येतो, या तिन्ही समजुती धोक्याच्या आहेत. २००५ साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस तापमान असलेल्या दिवसांत, बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काच थोडी उघडी ठेवल्याने जवळपास काहीच फरक पडला नाही. दुकानातल्या रांगेला किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसतं. एसी चालू ठेवून गेलात तरी इंजिन बंद पडू शकतं. ज्या कामाला कुत्र्याला आत नेता येणार नाही, त्या कामाला त्याला घरीच ठेवा. प्रवासात पाणी आणि भांडं हाताशी ठेवा, पिंजऱ्यावर थेट ऊन येत नाही ना ते बघा, आणि डिकीत बसवत असाल तर पुढच्या एसीची हवा तिथवर पोहोचते का हे स्वतः हात लावून तपासा.

उष्माघात झाला तर

निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. दमछाक करून आल्यावर ते थोडं वर जातं आणि विसावल्यावर उतरतं. १०४च्या पुढे गेलं की धोक्याची जाणीव ठेवा. १०६च्या आसपास मेंदू, मूत्रपिंडं, आतडी आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांना इजा व्हायला लागते. कुत्र्यांसाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर घरात ठेवावा. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून मोजतात.

पण थर्मामीटर शोधत वेळ घालवू नका, लक्षणं पुरेशी बोलकी असतात. थांबता न थांबणारी, मोठ्या आवाजाची धाप. दाट, तार धरणारी लाळ. हिरड्या आणि जीभ भडक लाल, पुढे फिकट किंवा निळसर. झोकांड्या, हाकेला प्रतिसाद न देणं, उलटी, जुलाब, जुलाबात रक्त. त्यानंतर कोसळणं आणि झटके. यातलं सगळं दिसायची वाट बघायची नाही. उकाड्यात किंवा खेळल्यानंतर धाप काही मिनिटांच्या विश्रांतीनेही उतरत नसेल आणि कुत्रा भांबावलेला वाटत असेल तर तो उष्माघातच समजून कामाला लागा.

क्रम असा ठेवा: आधी गार करायचं, मग न्यायचं. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिलं की उष्माघाताच्या कुत्र्यांपैकी जेमतेम पाचातल्या एकालाच दवाखान्यात आणण्याआधी गार केलं गेलं होतं. बाकीच्यांचं अंग प्रवासातला सगळा वेळ तापतच राहिलं.

१. लगेच सावलीत किंवा घरात आणा. पट्टा, हार्नेस, मुसकी काढा. कुणाला तरी दवाखान्यात फोन करायला सांगा.

२. तरुण, एरवी धडधाकट आणि शुद्धीवर असलेला कुत्रा असेल तर त्याला गार पाण्याच्या टबात, हौदात, जे असेल त्यात मानेपर्यंत बसवा. डोकं हाताने वर धरून ठेवा, नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नका. गार पाण्याने रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत कोंडते, म्हणून कोमटच पाणी वापरा, असा जुना सल्ला अजून फिरतो. तो आता मागे पडला आहे. पाणी कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असणं महत्त्वाचं. नळाचं साधं पाणीही चालतं.

३. म्हातारा, आजारी, चपट्या नाकाचा किंवा अर्धवट शुद्धीतला कुत्रा असेल, किंवा टब नसेल, तर त्याला कुशीवर निजवून अंगावर सतत पाणी ओता आणि जोरात वारा घाला. पाणी केसांतून कातडीपर्यंत पोहोचायला हवं, त्यासाठी बोटांनी केस उलटे फिरवत राहा. पोट, काखा, जांघा यांवर भर द्या. मान सरळ ठेवा, जीभ पुढे ओढून श्वासाची वाट मोकळी ठेवा.

४. ओला टॉवेल अंगावर पांघरू नका. काही क्षणांत तो अंगाच्या उष्णतेने गरम होतो आणि वाफ अडवतो. टॉवेल वापरायचाच असेल तर भिजवून कुत्र्याच्या अंगाखाली घाला.

५. शुद्धीवर असेल आणि स्वतः पीत असेल तरच पाणी द्या. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं.

६. तापमान मोजता येत असेल तर १०३ फॅरनहाइटला पाणी ओतणं थांबवा, कारण त्यानंतरही ते थोडं उतरत राहतं. मोजता येत नसेल तर धाप सैल पडली, कुत्रा डोकं उचलून बघू लागला किंवा थरथरायला लागला की थांबा.

७. मग दवाखाना. गाडीचा एसी पूर्ण चालू, नाहीतर खिडक्या उघड्या. ओल्या अंगाला वारा लागत राहायला हवा.

तापावरच्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. उष्माघात म्हणजे ताप नव्हे, त्यामुळे त्या गोळ्यांचा इथे उपयोग होत नाही, आणि पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडांना आणि पोटाला घातक ठरू शकतात.

कुत्रा उठून शेपूट हलवायला लागला तरी डॉक्टरांकडे न्याच. मूत्रपिंडं निकामी होणं, रक्त गोठायची क्रिया बिघडणं हे प्रकार एक ते तीन दिवसांनी उघड होतात. घरी आणल्यावर लघवी नेहमीइतकी होते का, रंग गडद आहे का, शी काळी किंवा रक्ताची आहे का आणि पोटाच्या कातडीवर किंवा हिरड्यांवर जांभळे ठिपके उठले आहेत का, हे सकाळ-संध्याकाळ बघा. यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका. म्हणूनच रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता आणि तिथला फोन नंबर काय, हे उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच माहीत करून घ्या, नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घाला, आणि कुत्र्याला फिरवायला नेणाऱ्या माणसालाही वरचे सात टप्पे एकदा समोर बसवून समजावून सांगा.